डोळ्यात बोट घातलं तरी फायटर हरत का नाही? एमएमएमधल्या फाऊलचा हिशोब समजून घ्या

२५ ऑक्टोबर २०२५, अबुधाबी. यूएफसीच्या हेवीवेट टायटलसाठी टॉम अ‍ॅस्पिनल आणि सिरिल गान भिडले होते. पहिला राऊंड संपायला अर्ध्या मिनिटापेक्षा कमी वेळ उरला होता आणि गानची बोटं अ‍ॅस्पिनलच्या डोळ्यांत घुसली. डॉक्टर आले, वाट बघितली, पण अ‍ॅस्पिनलला दिसतच नव्हतं. फाईट थांबली, निकाल ‘नो कॉन्टेस्ट’.

लोकांनी हुर्यो उडवली ती मात्र अ‍ॅस्पिनलची. ज्याच्या डोळ्यात बोट गेलं, त्याची!

हे असं का होतं, हे समजायला एमएमएचे नियम बघावे लागतात.

‘इथं काहीही चालतं’ हा समज तसा जुना आहे. १९९३ मध्ये डेन्व्हरला पहिली यूएफसी झाली, तेव्हा ‘नियम नाहीत’ अशीच जाहिरात होती. पण चावणं आणि डोळ्यात बोटं घालणं तेव्हाही बंद होतं. बाकी बरंच चालायचं. १९९४ च्या यूएफसी ४ मध्ये कीथ हॅकनीने जो सनच्या जांघेत एकामागून एक ठोसे मारले आणि ते नियमात बसत होतं.

नियम असला तरी तो पाळला जातोच असं नाही. १९९५ मध्ये जपानच्या वाले तुडो स्पर्धेत जेरार्ड गोर्डोने युकी नाकाईच्या डोळ्यात बोटं घातली. नाकाईची उजव्या डोळ्याची दृष्टी कायमची गेली. तरी तो ती फाईट जिंकला, त्याच रात्री फायनलपर्यंत गेला आणि डोळा गेल्याचं त्यानं कित्येक वर्षं लपवून ठेवलं. खेळाचं नाव खराब होऊ नये म्हणून!

पुढे अमेरिकेत न्यू जर्सीमधून ‘युनिफाइड रूल्स’ आले. डोकं आपटणं, मानेच्या मागे मारणं, जाळी पकडणं, जांघेत मारणं, केस ओढणं, एक-दोन बोटं पकडून पिरगाळणं, सगळं फाऊल. यादी लांबलचक आहे. खरी गोम आहे ती शिक्षेत.

समजा फाऊल झाला. रेफरी आधी ताकीद देऊ शकतो, एक-दोन पॉइंट कापू शकतो किंवा थेट बाद करू शकतो. सगळं त्याच्या मर्जीवर. व्यवहारात बहुतेक वेळा पहिल्या चुकीला नुसती ताकीद मिळते. म्हणजे पहिला फाऊल जवळजवळ फुकट! जाळी पकडून टेकडाऊन वाचवला, रेफरीने हातावर चापट मारली, पुढे चालू. पण तो टेकडाऊन काही परत मिळत नाही.

पॉइंट कापला तर मात्र महागात पडतं. तीन राऊंडच्या फाईटमध्ये १०-९ ने जिंकलेला राऊंड ९-९ होतो. म्हणूनच बरेच रेफरी कचरतात.

आणि फाईट पुढे जाऊच शकली नाही तर? फाऊल मुद्दाम केलाय असं रेफरीला वाटलं, तर करणारा बाद. चुकून झाला असेल आणि तीनपैकी दोन किंवा पाचपैकी तीन राऊंड पूर्ण झाले नसतील, तर नो कॉन्टेस्ट. आता मुद्दाम की चुकून, हे मनातलं कोण ओळखणार? बोटं पसरून हात पुढे करणं हाही फाऊलच आहे, पण त्यावर पॉइंट कापलेला क्वचितच दिसतो.

मार्च २०२१ मध्ये पीटर यानने गुडघा टेकलेल्या अल्जमेन स्टर्लिंगच्या डोक्यात गुडघा हाणला. यान बाद झाला आणि फाऊलमुळे यूएफसी टायटल हातातून जाण्याची ती पहिली वेळ ठरली. स्टर्लिंगने बेल्ट तिथेच खाली टाकला. तरी ‘नाटक केलं’ म्हणून वर्षभर ट्रोल झाला तोच. एप्रिल २०२२ मध्ये त्याने यानला पुन्हा हरवलं, तेव्हा कुठे लोक जरा गप्प झाले.

सगळ्यात अजब केस जॉन जोन्सची. त्याच्या करिअरमधला एकमेव पराभव २००९ चा, मॅट हॅमिलविरुद्धचा. जोन्स आरामात जिंकत होता, पण घड्याळातल्या बारावरून सहावर यावा तसा सरळ खाली कोपर मारला म्हणून बाद झाला. हा कोपर नोव्हेंबर २०२४ पासून फाऊलच राहिलेला नाही! आणि प्रतिस्पर्ध्याच्या चेहऱ्यासमोर बोटं पसरून धरतो म्हणून ज्याच्यावर वर्षानुवर्षं टीका झाली, तोही हाच जोन्स. त्या सवयीपायी तो एकही फाईट हरला नाही.

मग ग्लव्हजच का बदलत नाहीत? पकड घ्यायला बोटं मोकळी लागतात, म्हणून बॉक्सिंगसारखे बंद ग्लव्हज चालत नाहीत. जून २०२४ मध्ये यूएफसीने नवीन डिझाइन आणलं होतं, पण वर्ष संपायच्या आत जुनेच ग्लव्हज परत आले.

अबुधाबीच्या त्याच जुन्या ग्लव्हजमध्ये फाईट संपली तेव्हा बेल्ट अ‍ॅस्पिनलकडेच राहिला आणि गानच्या रेकॉर्डमध्ये पराभव लागला नाही.