दोन ठोकळ्यांचे अक्षर

छापखान्याचा खिळा म्हटला की शिसे आठवते. पण वीतभर उंचीचे अक्षर शिशात ओतले तर ते फार जड होते, शिवाय निवताना त्याचा पृष्ठभाग सपाट राहत नाही. अमेरिकेत मोठ्या जाहिरातींची मागणी वाढली तशी ही अडचण जाणवू लागली. १८२७ मध्ये न्यूयॉर्कच्या डेरिअस वेल्सने फिरत्या पात्याने लाकडी अक्षरे कोरण्याची युक्ती काढली. १८३४ मध्ये विल्यम लेव्हनवर्थने तिला पँटोग्राफची जोड दिली. (भूमितीच्या तासाला मुलांना दाखवावा असाच हा समांतरभुज चौकोन!) नमुन्यावरून टोक फिरवले की हव्या त्या मापाचे अक्षर लाकडात उतरे. मग नक्षीला धरबंध उरला नाही.

कनेक्टिकटच्या विल्यम पेजने १८७४ मध्ये रंगीत लाकडी अक्षरांचा नमुनाग्रंथ काढला. त्यात एकेका अक्षराला दोन ठोकळे लागत: एक आतल्या रंगाचा, दुसरा नक्षीचा. कागद जरासा सरकला की रंग रेषेबाहेर जाई.

पुढे रॉब रॉय केली यांनी असे जुने ठोकळे जमवले आणि १९६९ मध्ये त्यांच्यावर ग्रंथ लिहिला. पेजच्याच नमुन्यांवरून अडोबी कंपनीने १९९४ मध्ये ‘रोजवुड’ हा संगणकावरचा टंक आणला. त्यातही भरावाची अक्षरे निराळी आहेत. ती नक्षीखाली ठेवून हवा तो रंग द्यायचा. कागद सरकण्याची धास्ती तेवढी गेली.