राइस म्हणजे कुठला भात?

माझं गाव मुठा, तालुका मुळशी. पावसाळ्यात बघाल तिकडे भाताची खाचरं. 2000 साली राज्यातल्या मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आलं, त्यानंतर दोन-तीन वर्षांनी मी शाळेत गेलो. एकदा फळ्यावर लिहिलं होतं, 'राइस म्हणजे भात'. मी विचारलं, "शेतातलं की ताटातला?" वर्ग हसला. त्यानंतर इंग्रजीच्या तासाला मी कित्येक वर्षं तोंड उघडलं नाही.

प्रश्न मात्र बरोबर होता. शेतात उभं असतं ते भात, गिरणीतून येतो तो तांदूळ आणि शिजला की तो भात. इंग्रजीत तिन्हींना राइस चालतं. टरफलासकटच्या दाण्याला 'पॅडी' म्हणतात, पण तो शब्दही इंग्रजीने मलय भाषेतून घेतला.

दोनशे वर्षांपूर्वी हा गुंता साहेबांसमोर उलट्या बाजूने आला होता. तेव्हा शिकणारे ते होते. कंपनीच्या लष्करातला अधिकारी जेम्स मोल्सवर्थ याने जॉर्ज आणि थॉमस कॅन्डी या भावांना सोबत घेऊन मराठी-इंग्रजी कोश केला. पहिली आवृत्ती 1831 ची. 1857 च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे 60 हजार शब्द आहेत. नामापुढे लिंगही दिलेलं असतं. 'ते भात' आणि 'तो भात' यांतला फरक लिंगावरच तर उभा आहे!

मग इंग्रजी-मराठी कोशाची पाळी. मोल्सवर्थने तो सुरू केला, पण तब्येतीमुळे त्याला मायदेशी जावं लागलं. थॉमस कॅन्डीने 1847 साली तो पुरा केला. त्यात एका इंग्रजी शब्दापुढे अनेक मराठी शब्द सापडतात, कारण अर्थ प्रसंगाप्रमाणे बदलतो. पाठ्यपुस्तकाच्या मागच्या शब्दार्थांत आम्हाला शब्दामागे एकच अर्थ मिळायचा. सॉफ्टवेअरच्या भाषेत, वन-टू-वन मॅपिंग.

पण या साहेबांना मराठी शब्दांच्या छटा कुणी समजावल्या? त्यांच्या हाताखालच्या ब्राह्मण पंडितांनी. मोल्सवर्थच्या कोशाच्या मुखपृष्ठावर साहेबांची तिन्ही नावं आहेत, पंडितांचं एकही नाही. या पंडितांना "कुठला भात?" असं कितीदा विचारलं गेलं असेल, आणि त्यांनी न हसता उत्तर दिलं असेल.

मराठीत विरामचिन्हं रुजवण्याचं श्रेयही थॉमस कॅन्डीलाच देतात. म्हणजे आपलं प्रश्नचिन्हसुद्धा त्याच्याकडून आलं. वर्गात ते वापरायची मुभा तेवढी हवी.