आईच्या हातातले पाच शिलिंग

मजुरी कामाच्या मानाने मिळते, घरातल्या खाणाऱ्या तोंडांच्या मानाने नव्हे. एकाच गिरणीत, एकाच मागावर उभा राहणारा एकटा तरुण आणि चार मुलांचा बाप यांना दर एकच. बाजाराच्या न्यायाने हे रास्तच. पण त्या चार मुलांचा यात काय दोष, हा प्रश्न अर्थशास्त्राने फार काळ विचारलाच नाही. तो गेल्या शतकात विचारला गेला, आणि त्याचे उत्तर शोधताना आणखी एक, अधिक अडचणीचा प्रश्न पुढे आला : मुलाच्या वाट्याचा पैसा द्यायचा तर तो कोणाच्या हातात?

इंग्लंडमध्ये हा प्रश्न सोडवण्यासाठी एलिनॉर रॅथबोन या बाईंनी आपले निम्मे आयुष्य वेचले. पहिल्या महायुद्धात आघाडीवर गेलेल्या सैनिकांच्या बायकांना सरकार मुलांच्या संख्येप्रमाणे भत्ता देत असे. लिव्हरपूलमध्ये या वाटपाचे काम पाहताना बाईंच्या ध्यानी आले की, नवरा दूर असूनही पैसा नियमाने आईच्या हाती पडतो तेथे मुलांचे बरे चालते. १९२४ साली त्यांनी ‘द डिसइन्हेरिटेड फॅमिली’ हा ग्रंथ लिहिला आणि १९२९ मध्ये त्या पार्लमेंटात गेल्या. हिंदुस्थानातील बालविवाहाविरुद्ध पुस्तक लिहिणाऱ्या रॅथबोन त्या याच.

विरोध दोन्ही बाजूंनी झाला. धनिकांना कराची धास्ती, तर कामगार संघटनांना भीती वाटे की भत्ता सुरू झाला म्हणजे मालक मजुरी दाबून धरतील. ही भीती अगदीच अनाठायी नव्हती. फ्रान्समध्ये मालकांनीच एकत्र येऊन अशा भत्त्यांचे निधी काढले होते, आणि सरसकट पगारवाढ टाळण्याची ती एक सोय होती. १९३२ च्या कायद्याने तेथे ते निधी सक्तीचे झाले. त्यापूर्वी, १९२६ मध्ये, न्यूझीलंडने राष्ट्रीय पातळीवर कायदा केला. मात्र उत्पन्नाची अट घालून, आणि तिसऱ्या मुलापासून पुढे. एशियाई लोकांना त्यातून वगळले होते. मुलांची कणव येतानाही माणसे वंश विचारतात, हे येथे नमूद करून ठेवलेले बरे.

बेव्हरिज यांच्या १९४२ च्या अहवालाने इंग्लंडमधील वाट मोकळी केली. त्यांनी मुलामागे आठवड्याला आठ शिलिंगांची शिफारस केली. सरकारने पाच ठरवले, तेही दुसऱ्या मुलापासून. त्या वेळच्या दराने हे तीन रुपये पाच आणे होतात. पण १९४५ च्या विधेयकात या रकमेवरचा हक्क बापाचा धरला होता. तीस वर्षे ज्या कायद्याची वाट पाहिली, त्याच्याचविरुद्ध मत देईन, असे रॅथबोन बाईंनी सभागृहात बजावले. अखेर सरकारने पक्षादेश मागे घेऊन सभासदांना मोकळेपणाने मत देऊ दिले, आणि पैसा आईचा ठरला. मसुद्यात कोणाचे नाव आधी लिहायचे, यावर किती संसार अवलंबून असतात हे आम्हा कचेरीतल्या माणसांना सहसा जाणवत नाही! ६ ऑगस्ट १९४६ रोजी, मंगळवारी, पोस्टातून पहिले वाटप झाले. ते पाहायला बाई नव्हत्या. त्याच वर्षाच्या जानेवारीत त्या वारल्या होत्या.

आपल्याकडे या विचाराचे बीज मुंबईत पडले. १९१९ साली वॉशिंग्टन येथे आंतरराष्ट्रीय मजूर संघटनेच्या पहिल्या परिषदेत प्रसूतीविषयक करार संमत झाला. त्या परिषदेला हिंदी कामगारांचे प्रतिनिधी म्हणून नारायण मल्हार जोशी गेले होते. पुढे १९२८ मध्ये मुंबईच्या कायदेमंडळात स्त्री-कामगारांच्या प्रसूतिभत्त्याचे विधेयक आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून हा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते. १९२९ मध्ये कायदा झाला. पण भार मालकावरच पडला. मग जिला मालकच नाही, त्या शेतमजूर बाईचे काय? त्या कायद्यात तिच्यासाठी काही नव्हते.

जगाने तत्त्व मान्य केले ते युद्धाच्या अखेरीस. १९४४ च्या फिलाडेल्फियाच्या घोषणेत बालकल्याण व मातृसंरक्षण यांचा उच्चार आहे. १९५२ च्या १०२ क्रमांकाच्या करारात सामाजिक सुरक्षिततेच्या नऊ शाखा सांगितल्या, त्यांत कुटुंबभत्ता ही एक. परंतु करार नीट वाचला म्हणजे त्यातली मेख दिसते. राष्ट्राने नवांपैकी तीन शाखा पत्करल्या की पुरे; बेकारी, वार्धक्य, अपघात, अपंगत्व किंवा कर्त्या माणसाचा मृत्यू यांपैकी एक तरी शाखा त्यांत हवी. म्हणजे मूल गाळूनही करार पाळता येतो! भारताने तो करार आजवर स्वीकारलेला नाही. २०१२ च्या शिफारशीत मात्र मुलांच्या किमान उत्पन्नाची हमी ही प्रत्येक देशाच्या पायाभूत संरक्षणात घातली. फक्त ती शिफारस आहे, बंधन नव्हे. २०२४ मध्ये मजूर संघटना आणि युनिसेफ यांनी केलेल्या गणनेनुसार पंधरा वर्षांपर्यंतची सुमारे १४० कोटी मुले अशा कोणत्याही रोख आधारावाचून होती.

आपण वेगळा मार्ग धरला : पैशाऐवजी अन्न. २ ऑक्टोबर १९७५ रोजी ३३ गटांत सुरू झालेली एकात्मिक बालविकास योजना, तिच्या अंगणवाड्या आणि शाळेतले दुपारचे जेवण ही त्याची रूपे. रोख रक्कम देशभर आली ती २०१७ च्या मातृवंदना योजनेने : पाच हजार रुपये, थेट आईच्या खात्यात. येथे मोजणी उलटी झाली. न्यूझीलंडने तिसऱ्यापासून सुरुवात केली, इंग्लंडने दुसऱ्यापासून, आणि पहिल्या मुलाचा समावेश तेथे १९७७ मध्ये झाला. आपण पहिल्यापासून सुरुवात केली आणि तेथेच थांबलो. २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असेल तर तिच्यासाठीही रक्कम मिळू लागली. दुसरा मुलगा झाला तर नाही.