मेक

मेक : सोर्स कोडपासून चालवता येण्याजोगा प्रोग्रॅम आपोआप बिल्ड करून देणारे, कमांड-लाइनवरून वापरायचे साधन. स्टुअर्ट फेल्डमन यांनी एप्रिल १९७६ मध्ये बेल लॅबोरेटरीज येथे ते लिहिले. युनिक्स व त्याच्या वंशातील प्रणालींवर ते आजही वापरात आहे.

पार्श्वभूमी : मेकपूर्वी सोर्स कोडसोबत बिल्डची शेल स्क्रिप्ट दिली जाई. एका फाइलीतील एक ओळ बदलली तरी अशी स्क्रिप्ट सगळ्या आज्ञा पहिल्यापासून चालवी. हा वेळ वाचवण्यासाठी बदललेल्या फाइली तेवढ्या हाताने कम्पाइल केल्या, तर एखादी विसरण्याचा धोका राही. यॅक या साधनाचे कर्ते स्टीव्ह जॉन्सन यांची एक सकाळ अशीच वाया गेली. दोष दुरुस्त झाला होता, पण ती फाइल पुन्हा कम्पाइल झालेली नसल्याने जुनीच ऑब्जेक्ट फाइल जोडली जात होती. आदल्या संध्याकाळी फेल्डमन यांनाही याच अडचणीने गाठले होते. अवलंबित्वांचे सविस्तर विश्लेषण करणारे साधन करावे, हा त्यांचा मूळ विचार. तो बराच सोपा करून त्यांनी त्याच शनिवार-रविवारी मेक लिहून काढले.

कार्यपद्धती : मेकफाइल या साध्या मजकुराच्या फाइलीत नियम लिहितात. प्रत्येक नियमात लक्ष्य, ते ज्यांवर अवलंबून आहे त्या फाइली आणि ते तयार करण्याच्या आज्ञा असतात. या नियमांवरून मेक अवलंबित्वाचा आलेख उभा करते आणि फाइलींच्या शेवटच्या बदलाच्या वेळा ताडून पाहते. लक्ष्य अस्तित्वात नसेल किंवा त्याच्या आधारभूत फाइलींपैकी एखादी नंतर बदललेली असेल, तरच आज्ञा चालतात. लक्ष्याचे नाव दिले नाही, तर पहिले लक्ष्य घेतले जाते. परस्परांवर अवलंबून नसलेली कामे एकाच वेळी चालवण्याची सोय बहुतेक आवृत्त्यांत असून तीही याच आलेखामुळे शक्य होते. मेकचे खरे सामर्थ्य यातच आहे : कामांचा क्रम प्रोग्रॅमरने सांगायचा नसतो, संबंध सांगायचे असतात.

म्हणूनच संबंधांची नोंद अचूक असणे अत्यावश्यक आहे. हेडर फाइल बदलली, पण तिच्यावरील अवलंबित्व मेकफाइलीत नसेल, तर कोणतीही सूचना न येता जुन्या-नव्या भागांचा मिश्र प्रोग्रॅम तयार होतो. अशा अवलंबित्वांची यादी जीसीसीसारख्या कम्पायलरकडूनच करून घेण्याची पद्धत त्यामुळे रूढ झाली.

टॅब : आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हावी लागते, तेथे स्पेस पडल्यास मेक सहसा त्रुटी दाखवते. फेल्डमन यांच्या सांगण्यानुसार मजकुराचे घटक ओळखणारे लेक्स हे साधन तेव्हा त्यांना नवे होते, त्यामुळे ओळखायला सोपी अशी टॅबची खूण त्यांनी घेतली. काही आठवड्यांत डझनभर वापरकर्ते झाल्यावर त्यांची गैरसोय नको, म्हणून नियम तसाच राहिला. ग्नू मेक या मेकच्या एका रूपात ३.८२ या आवृत्तीपासून (२०१०) टॅबऐवजी दुसरे चिन्ह ठरवता येते.

आवृत्त्या : १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्समध्ये मेक समाविष्ट होते. पॉझिक्स मानकात त्याचे किमान स्वरूप निश्चित केलेले आहे. रिचर्ड स्टॉलमन व रोलंड मॅग्राथ यांनी लिहिलेले ग्नू मेक सर्वाधिक प्रचलित असून लिनक्स कर्नलचे बिल्ड त्यावर चालते. बीएसडी प्रणालींचे मेक वेगळे आहे. विंडोजसाठी मायक्रोसॉफ्टचे एनमेक आहे.

मर्यादा : सर्व निर्णय वेळेच्या नोंदीवर होत असल्याने नेटवर्कवरील संगणकांच्या घड्याळांत फरक असल्यास निष्कर्ष चुकतो. कम्पायलरचे पर्याय बदलले, तर तो बदल मेकला आपणहून कळत नाही. प्रत्येक उपनिर्देशिकेत स्वतंत्र मेक चालवण्याच्या पद्धतीत आलेखाचे तुकडे होतात, अशी टीका पीटर मिलर यांनी १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात केली. याविषयी मतभेद आहेत.

उत्तरकालीन साधने : अँट, सीमेक, निंजा, बेझल इत्यादी. यांपैकी सीमेक हे मेकफाइली तयार करून देऊ शकते, तर बेझल वेळेऐवजी फाइलींतील मजकुराच्या हॅशवरून बदल ओळखते. अवलंबित्वाचा आलेख मात्र या सर्वांचा पाया आहे. मेकसाठी फेल्डमन यांना एसीएम या संस्थेचा २००३ सालचा सॉफ्टवेअर सिस्टम पुरस्कार देण्यात आला.