जर सुरतेची, साज लावणीचा

सुरत म्हटले की शाळेतले १६६४ आणि १६७० आठवतात. महाराजांनी इथून काय नेले ते सगळ्यांना पाठ असते. पण सुरतेने महाराष्ट्राला काय पुरवले, हे इथे पिढ्यान्‌पिढ्या राहूनही आपण फारसे बोलत नाही. येवल्याच्या पैठणीत विणली जाणारी जर सुरतेहूनच जाते.

यंदा उत्सवात जुन्या धर्तीची लावणी घ्यायचे ठरले, तेव्हा पहिला प्रश्न पोशाखाचा आला आणि नेहमीप्रमाणे तो पैशाचा निघाला. म्हणून हा थोडा इतिहास.

खरी जर म्हणजे चांदीची तार बारीक ओढायची, चपटी करून तिचा बादला करायचा, तो रेशमी धाग्यावर गुंडाळायचा आणि वर सोन्याचा मुलामा द्यायचा. पुढे चांदीच्या जागी चांदीचे पाणी दिलेली तांब्याची तार आली, मग चमकत्या प्लास्टिक फितीची जर. तिन्ही सुरतेत बनतात. नकली म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी रंगभूमीकडे पाहावे. १९१३ साली निघालेल्या गंधर्व नाटक मंडळीत बालगंधर्वांनी खऱ्या शालूंचा आणि उंची अत्तरांचा थाट ठेवला. प्रेक्षक निहाल झाले, मंडळी कर्जात बुडाली. तमाशाच्या फडाला असली चैन कुठली? तिथे आधी नाच्या पोऱ्या लुगडे नेसून उभा राही, नंतर पठ्ठे बापूरावांच्या फडात पवळाबाई आल्या. गावोगावचा प्रवास, धूळ, घाम, आणि दुसऱ्या रात्री तेच लुगडे. खुद्द बापूरावांचे शेवटचे दिवस १९४५ पर्यंत हलाखीत गेले. आमच्या आज्या तमाशाच्या वाऱ्यालाही उभ्या राहिल्या नसत्या. आज त्यांच्या पणत्या हौसेने लावणी करतात. तर निदान ज्या बायकांनी हा साज पोटासाठी अंगावर घातला, त्यांचा तो जसा होता तसा दिसावा.

त्याला पैसा कमी आणि नजर जास्त लागते. आम्ही तयार भरजरी साड्या घेतल्याच नाहीत. रिंग रोडच्या मार्केटातून साधे एकरंगी कापड तागातून नऊ वार घेतले आणि जरीचा काठ वेगळा, मीटरवर. काठ सगळीकडे लावायचा नाही: पदर, पुढच्या निऱ्या आणि पोटऱ्यांवरची कड, एवढेच प्रेक्षकाला दिसते. गर्द हिरवा, जांभळा, डाळिंबी हे रंग घ्यावेत. भडक गुलाबीवर प्लास्टिकची जर आजच्या एलईडी दिव्यांत नुसती डोळ्यांत खुपते. तांब्याची जर थोडी महाग, पण तिची चमक जुन्या जरीच्या जवळ जाते. बुगडी, ठुशी, कमरपट्टा नकली चालतात. घुंगरू मात्र पितळेचेच हवेत. तिथे काटकसर केली की लावणी मुकी होते.

काठाचा नमुना आम्ही घरातल्या जुन्या शालूंवरून उतरवून घेतला. कागद-पेन्सिलीचा खर्च. त्या निमित्ताने कळले की बऱ्याच कपाटांत आता शालू उरलेलेच नाहीत. जुनी जर घेणारे दारावर येतात, वजन करतात, पैसे देतात; पुढे ते वस्त्र जाळून त्यातली चांदी काढली जाते. चांदी तर मिळते, पण काठावरचा मोर, कुयरी, आसावली, विणकराने मोजून बसवलेली पदराची रुंदी, सगळे राखेत जाते. अडचणीत कोणी विकले तर आम्ही काय बोलणार? पण विकण्याआधी पदर पसरून, काठासह, उजेडात एक नीट फोटो काढावा आणि काठाची रुंदी मोजून लिहून ठेवावी.

ज्यांच्याकडे शालू अजून आहे त्यांनी तो कापून नाचाचा पोशाख शिवू नये. जुने रेशीम घडीवरच विरलेले असते, गिरकीत टिकणार नाही. धुतलेल्या मऊ सुती कापडात गुंडाळावा, डांबराच्या गोळ्या जरीजवळ ठेवू नयेत, आणि दर पावसाळ्यानंतर घडी मोडून वेगळ्या जागी घालावी.