मूस आणि मुळाक्षरे

प्रौढ स्थलांतरितांना इंग्रजी शिकवणारे वर्ग अमेरिकेत रुजले ते एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस. पूर्व आणि दक्षिण युरोपातून माणसांचे लोंढे येत होते. १९०७ या एकाच वर्षात साडेबारा लाखांहून अधिक लोक उतरले. शिकागोचे हल हाउस आणि न्यूयॉर्कची एज्युकेशनल अलायन्स या दोन्ही संस्था १८८९ मधल्या, आणि दोन्हीकडे असे वर्ग भरत. सरकारी रात्रशाळाही होत्या. पण दिवसभर राबून आलेल्या बाप्याला तिथे पोरांच्या बाकावर अंग चोरून बसावे लागे आणि पुढ्यात येई तेही बहुधा पोरांचेच पुस्तक. वर्ग लवकरच विरळ होत, यात नवल नव्हते.

१९०६ च्या कायद्याने नागरिकत्वासाठी इंग्रजी बोलता येण्याची अट घातली आणि या शिक्षणाला निकड आली. शिकवायचे कसे, याचे उत्तर शोधले पीटर रॉबर्ट्स यांनी. पेनसिल्व्हेनियाच्या कोळसा खाणींतल्या वस्त्यांचा अभ्यास करून ते वायएमसीएच्या कामात आले होते. त्यांची पद्धत मूळची फ्रांस्वा गुआं या फ्रेंच शिक्षकाची. हे गृहस्थ जर्मन शिकायला हॅम्बुर्गला गेले, व्याकरण घोकले, शब्दकोशही पाठ केला. तरी समोरच्याचे बोलणे कळेना. घरी परतल्यावर पाहतात तो छोटा भाचा पिठाच्या गिरणीत जाऊन आलेला, आणि तिथे काय काय झाले ते क्रमाने सांगत, करून दाखवत बसलेला. भाषा अशी घडलेल्या क्रमाने येते, हे गुआंना तिथे उमगले.

रॉबर्ट्स यांनी घर, कारखाना आणि व्यवहार असे प्रत्येकी दहा धडे बेतले. पहिला धडा सकाळी उठण्याचा: जाग येणे, डोळे उघडणे, घड्याळ शोधणे, किती वाजले ते पाहणे. शिक्षक प्रत्येक कृती हावभावांसह करून दाखवी, वर्ग तेच वाक्य म्हणे. व्याकरणाचे नाव नाही. थकलेल्या माणसाला झेपेल अशी याहून सोपी वाट त्या काळी क्वचितच कोणी काढली असेल.

कारखानदारांनी ती लगेच उचलली. हुकूम कळला नाही तर काम बिघडे, अपघात होत. इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीच्या १९१२ च्या धड्यातला कामगार भोंगा ऐकून घाईने निघतो आणि सुटीचा भोंगा होईपर्यंत जागा सोडत नाही. व्याकरण शिकवले नाही तरी शिस्त शिकवली जात होती. फोर्ड कंपनीत १९१४ मध्ये दहांतले सात कामगार परदेशात जन्मलेले होते. त्याच वर्षी रॉबर्ट्स यांच्या मदतीने हायलंड पार्कला शाळा निघाली. वर्ग पाळीच्या आधी किंवा नंतर भरत. शिकवणारे कारखान्यातलेच कर्मचारी, तेही बिनपगारी. इंग्रजी न येणाऱ्याला हजेरी सक्तीची होती.

पदवीदानाचा सोहळा तर नाटकच. रंगमंचावर मागे जहाजाचा देखावा, पुढे अवाढव्य हंडा. मायदेशीच्या पोशाखातले कामगार बोचकी घेऊन जहाजाच्या शिडीवरून हंड्यात उतरत. शिक्षक लांब पळ्यांनी तो ढवळत. मग तीच माणसे अमेरिकी सूट घालून, हातात झेंडे घेऊन बाहेर येत. इझ्राएल झँगविल यांच्या १९०८ च्या ‘द मेल्टिंग पॉट’ या नाटकाने रूढ केलेली मुशीची उपमा इथे शब्दशः उभी केली होती.

घरात राहणाऱ्या बायकांपर्यंत मात्र ना रात्रशाळा पोचली, ना कारखाना. कॅलिफोर्नियाने १९१५ मध्ये कायदा करून घरी जाणाऱ्या शिक्षिका नेमण्याची सोय केली. इंग्रजीबरोबर स्वच्छता आणि घरकामाचे अमेरिकी वळणही त्या शिकवत.

फोर्डची शाळा १९२० नंतर लवकरच बंद पडली आणि १९२४ च्या कोटा कायद्याने लोंढाच आटला. रात्रशाळा चालू राहिल्या. अशाच एका शाळेत शिकवलेल्या लिओ रॉस्टन यांच्या कथांचे पुस्तक १९३७ मध्ये आले. त्यातला हायमन कॅप्लन शिक्षकांना शेवटपर्यंत पुरून उरतो, आणि वहीवर स्वतःचे नाव लाल खडूने लिहून, निळ्या रेघांनी सजवून, दर दोन अक्षरांमध्ये एक हिरवी चांदणी काढतो.