मोटारीची ‘पॉवर विंडो’ अडकली तर...

भोर आणि वेल्हे (आता राजगड) या तालुक्यांच्या पश्चिम पट्ट्यात पावसाळ्यात मुसळधार पाऊस असतो. वरंधा घाट, मढे घाट किंवा राजगड-तोरण्याच्या पायथ्याकडे निघालेल्या पुणेकरांच्या मोटारीची काच अर्ध्यावर अडकली, तर सहलीचा विचका होतोच. शिवाय आसने व वायरिंग भिजून खर्चही वाढतो. कापूरहोळ किंवा नसरापूर फाटा मागे पडल्यावर ऑटो इलेक्ट्रिशियन वाटेत मिळेलच असे नाही. म्हणून निघण्यापूर्वी चारही काचा वर-खाली करून पाहाव्यात. किरकोळ दोष घरीही दूर करता येतात.

यंत्रणा कशी चालते?

दरवाजाच्या आत १२ व्होल्टची लहान मोटर असते. ती तारेच्या किंवा कात्रीसारख्या पट्ट्यांच्या रेग्युलेटरमार्फत काच सरकवते. बटण दाबण्याच्या दिशेनुसार मोटरमधील विद्युतप्रवाह उलटतो आणि काच वर किंवा खाली जाते. मोटरमधील वर्म गिअरमुळे एरवी काच हाताने ढकलून खाली जात नाही. ती सहज खाली घसरत असेल, तर रेग्युलेटर तुटल्याचे समजावे.

दोष कसा ओळखावा?

• मागच्या किंवा शेजारच्या काचा त्यांच्या बटणांवर चालत नाहीत, पण चालकाच्या बटणावर चालतात : प्रथम चालकाकडील ‘विंडो लॉक’ बटण तपासावे. ते मोकळे असल्यास त्या दरवाजाचे बटण खराब असते.
• सर्व काचा बंद : फ्यूज किंवा रिले पाहावा. फ्यूज बदलताना तेवढ्याच अँपिअरचा घालावा. जास्त क्षमतेचा घातल्यास वायर जळण्याचा धोका असतो.
• मोटरचा आवाज येतो, काच हलत नाही : रेग्युलेटरची तार तुटलेली किंवा काचेची पकड सुटलेली असते.
• काच संथ चालते : काचेच्या दोन्ही बाजूंच्या रबरी चॅनलमध्ये चिखल साचलेला असतो. ओल्या कापडाने तो पुसून सिलिकॉन स्प्रे मारावा. तेल वा ग्रीस वापरू नये. त्याने धूळ चिकटते आणि रबर फुगते.
• काच कधी चालते, कधी नाही : दरवाजा आणि बॉडी यांमधील रबरी नळीतील वायर वारंवार वाकून तुटू शकते.

पॅनेल उघडताना

बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल काढून काही मिनिटे थांबावे. काच चिकटपट्टीने चौकटीला घट्ट बांधावी, अन्यथा ती निसटून बोटे कापण्याची भीती असते. हँडलच्या खोबणीतील व आर्मरेस्टखालील स्क्रू काढून मगच पॅनेलच्या क्लिपा हळूच सोडवाव्यात.

टर्मिनल पुन्हा जोडून, बटण दाबलेले असताना मोटरच्या दोन वायरींवर मल्टिमीटर लावावा. सुमारे १२ व्होल्ट दाखवूनही मोटर फिरत नसेल, तर ती निकामी आहे. व्होल्टेजच येत नसेल, तर दोष बटणात किंवा वायरीत असतो. तपासताना बोटे रेग्युलेटरपासून दूर ठेवावीत. दरवाजात एअरबॅगचा सेन्सर असलेल्या मोटारीत त्याचा जोड काढलेला असताना इग्निशन सुरू करू नये.

आतील प्लास्टिकचा पडदा पुन्हा नीट चिकटवणे विसरू नये. तो नसल्यास पाणी मोटारीत शिरते. दरवाजाच्या तळाची निचऱ्याची छिद्रेही साफ करावीत. बॅटरी जोडल्यावर ‘ऑटो’ काच चालत नसल्यास ती पूर्ण वर नेऊन बटण काही सेकंद दाबून धरावे. नेमकी पद्धत मोटारीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

वाटेत काच अडकल्यास

इंजिन सुरू ठेवून एकाने बटण वरच्या दिशेने दाबून धरावे व दुसऱ्याने काचेच्या दोन्ही बाजूंना तळवे लावून ती वर ओढावी. पॅनेलवर हलकी थाप मारूनही झिजलेल्या ब्रशची मोटर तात्पुरती चालू होऊ शकते.

भोरहून वरंधाकडे जाणारा रस्ता बराच काळ नीरा-देवघर धरणाच्या जलाशयाकडेने जातो. मोटार पाण्यात पडल्यास बाहेरच्या पाण्याच्या दाबाने दरवाजा उघडणे कठीण होते. सीटबेल्ट सोडून लगेच खिडकी उघडणे हाच मार्ग उरतो आणि पॉवर विंडो थोडाच वेळ चालण्याची शक्यता असते. म्हणून काच फोडण्याचा छोटा हातोडा चालकाच्या हाताशी ठेवावा आणि बिघडलेली खिडकी ‘पुढच्या सर्व्हिसिंगला पाहू’ म्हणून टाळू नये.